तेराव्या तासाचे परमिट

सलग ड्युटीच्या तेराव्या तासाला माणूस पेंगत नाही. पेंग आठव्या-नवव्या तासाला येते आणि निघून जाते. तेराव्या तासाला तो चांगला जागा असतो. फोनवर नीट बोलतो, सही नेहमीसारखी करतो आणि चुकीचा आकडा लिहितो. चुकला हे त्याला कळत नाही, कारण अक्षर चांगले आलेले असते.

मी मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूला, एका वीज उपकेंद्रात यंत्रचालक होतो. घर शहापूर तालुक्यात, किन्हवलीजवळ. मोटारसायकलने पाऊण तासावर. उपकेंद्राचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही. इतरांची नावे बदलली आहेत. घडले ते बदललेले नाही.

उपकेंद्रात काय चालते ते थोडक्यात सांगतो. मोठ्या दाबाची वीज तिथे येते, ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचा दाब कमी होतो आणि निरनिराळ्या वाटांनी ती गावांकडे जाते. या वाटांना आम्ही फिडर म्हणतो. आमच्याकडे पाच फिडर होते. प्रत्येकाचे खोलीत एक लोखंडी पॅनेल, त्यावर ब्रेकरचे हँडल. हँडल एका बाजूला फिरवले की तिकडची गावे बंद, दुसऱ्या बाजूला फिरवले की चालू. यंत्रचालक दर तासाला मीटरवरचे आकडे वहीत उतरवतो, बाहेर यार्डात जाऊन ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे तापमान बघतो आणि फोन घेतो. फोनवर बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात. काही वेगळे असत. एक पोल्ट्रीवाला लाइट गेली की पहिल्यांदा विचारी, "तुमच्याकडं हाय का?" आहे म्हटले की म्हणे, "मंग आमची तुमीच घेतली." एक निवृत्त गुरुजी लाइट आल्यावर न चुकता फोन करून "आली बरं का" असे कळवत. सोडलेली आम्हीच असे; तरी मी "बरं झालं, गुरुजी" म्हणत असे. एवढा गोड फोन दुसरा येत नसे.

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे परमिट. वायरमनला तारेवर काम करायचे असते तेव्हा तो यंत्रचालकाकडून लेखी परवानगी घेतो. यंत्रचालक त्या फिडरचा ब्रेकर बंद करतो, यार्डातला स्विच उघडतो, हँडलला "माणसे काम करत आहेत" अशी पाटी अडकवतो आणि परमिटच्या वहीत नाव, वेळ, जागा लिहून सही घेतो. काम संपल्यावर तोच वायरमन येऊन परमिट परत करतो आणि पुन्हा सही करतो. ती सही झाल्याशिवाय फिडर चालू करायचा नाही. नियम एवढाच आहे. पुस्तकात तो अर्ध्या पानाचा आहे.

आमच्या उपकेंद्रात याला जोडून एक चाल होती, ती पुस्तकात नव्हती. परमिट घेणारा वायरमन आपला जेवणाचा डबा आमच्या खिडकीत ठेवून जाई. लाइन परत केल्याशिवाय तो जेवत नसे. कोणी सुरू केली ते माहीत नाही. मी आलो तेव्हा होती आणि मला ती जरा भाबडी वाटायची. किसन पारधीला मी एकदा म्हटले, "अरे, डबा घेऊन जा की खांबाखाली. सावलीत जेव." तो म्हणाला, "नाय भाऊ. भूक असली की माणूस उगा टाइम काढत नाय वर."

किसन वायरमन. वरच्या अंगाला डोंगराच्या कडेला त्यांची वाडी. कागदोपत्री तो तंत्रज्ञ होता, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. चाळिशीचा, कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला उत्तर सुचू नये असे बोलणारा.

आता ड्युटीबद्दल. पाळ्या तीन: सकाळी आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ. साप्ताहिक सुट्टी धरून माणसे चार लागतात. जागा चार होत्या, माणसे तीन होतो: मी, हरड आणि वेखंडे. चौथी जागा रिकामी. ती का रिकामी आहे हे विचारले की "प्रस्ताव गेला आहे" असे उत्तर मिळे. एकाची सुट्टी आली, कोणाला ताप आला, घरात कार्य निघाले की उरलेल्या दोघांनी चोवीस तास वाटून घ्यायचे. बारा-बारा तास करणे सरळ होते. पण आम्ही तिघांनी आपसात वेगळे ठरवले होते: एकाने सलग सोळा तास करायचे आणि मग दीड दिवस घरी राहायचे. येण्याजाण्याची एक फेरी वाचते, शेतीकडे बघता येते. वेळापत्रक आमचेच होते. ते कंपनीने लादले असे आम्ही पुढे बरीच वर्षे सांगत आलो. निम्मे खरे होते.

सोळा तासांचे आम्ही तंत्र बसवले होते. हरड उभ्याने आकडे लिहायचा. वेखंडे दर तासाला तोंडावर पाणी मारायचा. मी खिशात चणे ठेवत असे. आणखी एक गोष्ट सगळेच करायचे आणि कोणी कबूल करायचे नाही: दहाव्या तासानंतर यार्डात फेरी न मारता तेलाचे तापमान अंदाजाने लिहायचे. अंदाज बहुधा बरोबर येई. पुष्कळ वर्षांच्या कामाने ते जमते, आणि त्याचाच आम्हाला अभिमान होता.

त्या दिवशी वेखंडे भावाच्या लग्नाला गेलेला होता. मी रात्री बारापासून खुर्चीत होतो. सकाळी नऊ वाजता धसई फिडर दिवसभरासाठी बंद करायचा होता. पहिले परमिट किसनने घेतले. वाडीच्या अलीकडे एका खांबावरचे जुने चिनी मातीचे इन्सुलेटर बदलायचे होते. त्याने सही केली, डबा खिडकीत ठेवला, गेला. साडेनऊला ठेकेदाराच्या टोळीचा मुकादम आला. त्याच फिडरवर, दुसऱ्या टोकाला, तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायच्या होत्या. त्यालाही परमिट दिले.

एका फिडरवर दोन परमिटे असणे नवीन नाही. पाटी मात्र एकच होती. ती हँडलला आधीच लटकत होती. आणि परमिटच्या वहीत किसनची नोंद पानाच्या शेवटच्या ओळीत होती. मुकादमाची नोंद नव्या पानावर, पहिल्या ओळीत.

दुपारी साडेतीनला मुकादम आला. काम झाले म्हणाला. मी वही उघडली, त्याची सही घेतली. पान पाहिले. पानावर एकच परमिट होते आणि ते परत आले होते. फोन सकाळपासून वाजत होता. मी यार्डातला स्विच लावून आलो, पाटी काढली, टेबलावर ठेवली आणि हँडल धरले. सलग सोळावा तास चालू होता. मी पेंगत नव्हतो. मला सगळे स्वच्छ दिसत होते.

मुकादम मागे बाकावर बसला होता. तो म्हणाला, "साहेब, हा डबा कुणाचा? मुंग्या लागल्यात."

"किसनचा," मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून गेला तेव्हा माझा हात हँडलवर होता. पुढची दोन-तीन मिनिटे काय झाले ते मला क्रमाने सांगता येत नाही. हात काढला. पाटी परत अडकवली. यार्डात जाऊन स्विच पुन्हा उघडला. वहीचे पान उलटले. शेवटच्या ओळीत किसनचे नाव, परतीच्या सहीची जागा कोरी. मुकादमाने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." मग त्याला म्हणालो, "थोडा वेळ बसून राहा इथेच." का म्हणालो ते माहीत नाही. त्याला गाडी गाठायची होती, तरी तो बसला.

चार वाजता हरड आला. मी त्याला सांगितले आणि घरी न जाता तिथेच थांबलो. साडेचारला किसन आला. हातपाय धुतले, परमिट परत केले, सही केली. मी त्याला पान दाखवले आणि झाले ते सांगितले. मग त्याने डबा उघडला, भाकरीवरच्या मुंग्या फुंकल्या.

"हात लावला व्हता?" त्याने विचारले.

"लावला होता."

"फिरवला नाय ना?"

"नाही."

"मंग जेवू का?"

मी म्हटले, जेव. त्याने तांदळाची भाकरी मोडली, सुकटीबरोबर खाल्ली. अर्धी झाल्यावर म्हणाला, "घरी नका सांगू भाऊ. ती मला परत खांबावर जाऊ नाय द्यायची."

खांबावर काम करण्याआधी वायरमन तारा जमिनीला जोडून घेतो, म्हणजे चुकून वीज आली तरी ती जमिनीत जाते. किसनने ते केले होते का, हे मी विचारले. केले होते. त्यामुळे तो वाचला असता, असे नंतर साहेबांनी मला दोनदा सांगितले. कदाचित वाचला असता. त्या हिशेबावर मला झोप लागली नाही एवढे खरे.

त्याच संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिले: "१५.४० वाजता धसई फिडर चालू करण्यासाठी हँडल धरले. किसन पारधी यांचे परमिट परत आलेले नव्हते. वेळीच लक्षात आल्याने चालू केला नाही. माझी सलग ड्युटी, सोळावा तास." खाली सही.

हरडने वाचले आणि वही मिटली. "तू हरिश्चंद्र झालास," तो म्हणाला. "आता आमची चौकशी. झालं काय? काहीच नाही. घडलेलं लिहितात वहीत, न घडलेलं नाही."

"हँडल धरलं हे घडलं."

"मग रोजचं तापमान कसं लिहितोस तेही लिही."

मी तेही लिहिले. हरड माझ्याशी पुढे महिनाभर कामापुरतेच बोलला.

दोन दिवसांनी मुरबाडहून शेळके साहेब आले. ते आमचे अभियंते. वय कमी, हुशार, उठता-बसता वरच्या कार्यालयाचा फोन. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नोंद उभ्यानेच वाचली.

"पष्टे, हे काय आहे? अपघात झाला का?"

"नाही, साहेब."

"कोणी जखमी?"

"नाही."

"मग ही नोंद कशाची? पान खराब झालं म्हणून नवीन पान लिहा. मी सही करतो." वही मिटत ते म्हणाले, "तुमच्याच भल्याचं सांगतोय. हे वर गेलं तर प्रश्न तुम्हाला विचारतील. सोळा तास का झाले हे कोणी विचारणार नाही."

ते बरोबर होते. नवीन पान मी लिहिले नाही. नोंद वर गेली. आठ दिवसांत माझ्याकडून निष्काळजीपणाबद्दल खुलासा मागवला गेला. मी खुलासा दिला: चूक माझी आहे, सोळावा तास होता, चौथी जागा रिकामी आहे. माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला. बढती दोन वर्षे पुढे गेली. चौथ्या जागेबद्दल उत्तर आले नाही.

तेव्हा आम्ही आमच्यापुरते ठरवले. हरडचाही राग तोवर ओसरला होता. त्याने एका डबल ड्युटीत मधल्या दोन तासांचे आकडेच लिहिले नव्हते आणि सकाळी ते स्वतः पाहिले होते. सोळा तास बंद. गरज पडली तर बारा. आणि बारा उलटले तर खुर्चीत बसायचे, आकडे लिहायचे, फोन घ्यायचे; हँडलला हात लावायचा नाही. परमिट द्यायचे नाही, परत घ्यायचे नाही. प्रत्येक परमिटला स्वतंत्र पाटी. पाट्या आम्ही पत्र्याच्या कापून घेतल्या आणि रंगवल्या.

हे मी वायरमन लोकांना सांगितले. मला वाटले होते, कुरकुर होईल. किसन म्हणाला, "मंग तुमच्यावर कशाला सोडायचा? आमीच इचारू. परमिट मागायच्या आधी, कितवा तास?"

त्या दिवसापासून ते विचारू लागले. दारात पाऊल टाकताच, चप्पल काढण्याआधी. "कितवा तास, भाऊ?" "तिसरा." "द्या मंग." वेखंडेला याचा त्रास होई. "मी काय पेशंट आहे का?" म्हणायचा. पण उत्तर द्यायचा.

नियम कागदावर नव्हता. तो टिकतो का, हे बघायची वेळ पुढच्या उन्हाळ्यात आली.

हरड टायफॉइडने घरी पडला होता. मी आणि वेखंडे बारा-बारा तास करत होतो. मी रात्री बारा ते दुपारी बारा. साडेअकराला वेखंडेचा फोन आला: त्याला सकाळीच कार्यालयाने दुसऱ्या उपकेंद्रात पाठवले होते, तिथला माणूस आला नव्हता. "मला वाटलं तुला कळवलं असेल," तो म्हणाला. मला कोणी कळवले नव्हते. चार्ज घ्यायला दुसरा माणूस आल्याशिवाय यंत्रचालकाला उठता येत नाही. बारा वाजले. मी बसून राहिलो.

बारा चाळीसला धसई फिडर आपोआप बंद पडला. वीस मिनिटांत किसनचा फोन: वाडीच्या रस्त्याला खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा तुटून लोंबतोय. जोडायला अर्धा तास. तो मोटारसायकलने आला. दारात थांबला.

"कितवा?"

"चौदावा लागला."

"वेखंडे भाऊ?"

मी सांगितले. त्याने डोक्यावरचे हेल्मेट काढले, आत आला आणि बाकावर बसला. "मंग नाय घेत," तो म्हणाला.

मी शेळके साहेबांना फोन लावला. माणूस पाठवा किंवा स्वतः या, असे सांगितले. ते म्हणाले, "पष्टे, पाच मिनिटांचं काम आहे. स्विच उघडा, परमिट द्या. मी तोंडी परवानगी देतो."

"तुमची परवानगी आहे, साहेब. माझी नाही."

"हा कुठला नियम? मला लेखी दाखवा."

"लेखी नाही."

"मग?"

"मग तुम्ही या."

त्यांनी फोन ठेवला.

किसनने तेव्हा सांगितले की वाडीत लग्न आहे. त्याच्या सख्ख्या पुतणीचे. मांडवात वऱ्हाड बसलेले, बोअरवेलचा पंप बंद, पाण्याचे पिंप तळाला. मी त्याच्याकडे पाहिले. तो पाटीच्या दोरीची गाठ सोडवत होता.

दीड वाजता फाटकाशी दोन टेंपो आले. पंधरा-वीस माणसे असतील. दोन बायका. माणसांनी फाटक वाजवले.

"ऑपरेटर झोपलाय काय रे?"

"झोपला नाय, बसलाय. सरकारचा जावई."

"एक हँडल फिरवायला काय मुहूर्त काढायचा का? भटजी हाय मांडवात, आणू का?"

हशा झाला. मी बाहेर आलो आणि जे होते ते सांगितले: साहेब येत आहेत, ते आले की काम सुरू होईल. साहेब येत आहेत की नाही, हे मला माहीत नव्हते. लिहिताना तेही लिहायला हवे.

"साहेब येईल तोवर वऱ्हाड पाण्यावाचून बसवू?" एक जण पुढे आला. "तुमाला येतं का नाय ते सांगा. येत नसेल त मी करतो." तो फाटकावर चढू लागला.

किसन आतून आला आणि त्याच्या समोर उभा राहिला. "खांबावर मी चढणार हाय. तू चढतो का? चढ. मी आत जाऊन हँडल धरतो."

तो माणूस खाली उतरला. गर्दीतून एक बाई पुढे आली. डोक्यावर पदर, हाताला ओली हळद. किसनची वहिनी, नवरीची आई.

"भावजी, तुमच्या पुतणीचं लगीन हाय. लोक मला इचारतात, तुझा दीर वायरमन ना गो? काय सांगू?"

"सांग, दीर जित्ता हाय," किसन म्हणाला. "जेवाय यायचाय मला, वैनी. पंगतीला बसायचाय. हार घातलेल्या फोटोत नाय बसायचाय."

"असं काय बोलता शुभ दिवशी!"

"मंग मला वर चढवू नको आता. ह्यो माणूस कालच्या रातीपासून बसलाय. चांगला माणूस हाय. मागच्या साली ह्याच्याच हातून मी जात होतो."

त्याने हे घरी सांगितले नव्हते. वहिनीने माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. मागे वळून तिने टेंपोवाल्याला म्हटले, "नदीवरून दोन पिंपं भरून आणा. चला. हितं उभं राहून पाणी नाय येणार." एक टेंपो गेला. दुसऱ्यातली माणसे थांबली, पण फाटक वाजवणे थांबले.

एक पन्नासला जीप आली. शेळके साहेब उतरले, गर्दीतून थेट आत आले. चार्जच्या वहीत मी लिहिले, त्यांनी सही केली. त्या क्षणापासून उपकेंद्र त्यांच्या ताब्यात.

त्यांनी परमिटची वही ओढली आणि पेन उघडले. किसन टेबलासमोर उभा होता.

"साहेब, कितवा तास?"

साहेबांनी वर पाहिले. दारातली माणसे हसली. मला वाटले, आता ते चिडणार.

"काय?"

"तुमचा. कितवा?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. "दहाला आलो ऑफिसला. चौथा."

"द्या मंग."

मी मागे उभा राहून कामाचा क्रम मोठ्याने सांगत गेलो, साहेब एकेक करत गेले. ब्रेकर बंद असल्याची खात्री. यार्डातला स्विच. पाटी. तो स्विच त्यांनी बहुतेक बऱ्याच वर्षांनी हाताने ओढला असावा. दोनदा जोर लावावा लागला. किसन गेला. अडीचला परत आला, सही केली. साहेबांनी मागचे पान उलटून पाहिले, पुढचे पाहिले, मग पुन्हा मागचे. मी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते. हँडल त्यांनी फिरवले. फिडर उभा राहिला, वीज टिकली. बाहेर टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी गुरुजींचाही फोन आला. तो साहेबांनी घेतला.

चौथी जागा त्यानंतरही जवळपास वर्षभर रिकामी होती. पुढे भरली. आता मी निवृत्त आहे, आणि ऐकतो की पुन्हा तीनच माणसे आहेत. ते वर्ष आम्ही काढले ते त्या दुपारी लिहिलेल्या एका कागदावर.

त्या दुपारी हँडल फिरवल्यावर साहेब खुर्चीतच बसले होते. बदली माणूस मिळावा म्हणून त्यांनी तीन फोन केले. तिसऱ्या फोनवर त्यांचा आवाज चढला. "उद्या नको, आज. मी स्वतः बसलोय इथे. हो, मी. नाही, उठता येत नाही." संध्याकाळी सातपर्यंत माणूस पाठवतो, असे उत्तर मिळाले. त्यांनी फोन ठेवला आणि कोरा कागद घेतला.

"तुमचा तो नियम," ते मला म्हणाले. "सांगा. लिहून देतो. आदेश म्हणून लावा भिंतीवर."

मी सांगितले. त्यांनी लिहिले. तासांच्या आकड्याशी ते थांबले.

"बारा कडक होतात, पष्टे. माणसं कमी आहेत, तुम्हाला माहीत आहे. चौदा लिहितो. थोडी मोकळीक राहील."

मी काही बोलण्याआधी किसन बोलला. तो दाराशी चप्पल घालत होता.

"चौदा लिवा, साहेब. फक्त खाली लिवा, तेराव्या आन् चौदाव्या तासाला खांबावर शेळके साहेब चढतील. आमी खालून बघू."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले नाही. पेन कागदावरच होते. त्यांनी बारा लिहिले, आकड्यात आणि कंसात अक्षरी. सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली, शिक्का उद्या पाठवतो म्हणाले. मी कागद पॅनेलच्या बाजूला चिकटवला आणि निघालो.

किसन माझ्या मोटारसायकलपाशी उभा होता. त्याने हात पुढे केला.

"किल्ली द्या. मागं बसा. पंगत बसली असंल."

मी किल्ली दिली.